परदेशी चीज नाशिकला आणायचंय? आधी रेनेटचं विचारा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गंगापूर धरणाच्या वाटेवर तुमची छोटी वाइन टेस्टिंगची जागा आहे. पाहुण्यांना वाइनसोबत इटलीचं चीज आणि सलामी द्यायची आहे. तिथल्या एका घरगुती डेअरीशी तुमचं बोलणंही झालंय. आता तुम्ही विचारताय की कोणकोणते परवाने लागतील, माल किती दिवसांत सुटेल, आणि विमानाने थेट नाशिकच्या ओझर विमानतळावर उतरवला तर मुंबईची कटकट वाचेल का.

परवान्यांचं सांगतोच, पण तुमची खरी अडचण परवाने ही नाही. कागद पैसे आणि वेळ देऊन करता येतात. त्या डेअरीत चीज कशाने जमवलं जातं आणि दूध तापवलं जातं की नाही, या दोन गोष्टींवर तुमचा माल भारतात येणार की नाही हे ठरतं. त्या मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात कुणालाही दुरुस्त करता येत नाहीत.

मी नाशिकमध्ये बसून मुंबईच्या बंदरातून आणि सहार विमानतळाच्या कार्गोतून लोकांचा माल कस्टम्समधून सोडवायची कामं करतो. २२ वर्षं झाली. कायद्यात आता आम्हाला ‘कस्टम्स ब्रोकर’ म्हणतात, पण पार्टी, म्हणजे आमचं गिऱ्हाईक, अजून सीएचए (कस्टम हाउस एजंट) म्हणूनच हाक मारते. सुरुवात अर्थातच द्राक्षांपासून झाली. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि माल अडला, ते आपल्याकडच्या बागायतदारांना अजून आठवत असेल. बागेत त्याला सगळे लिहोसिन म्हणायचे. औषध मारलं जायचं खरड छाटणीनंतर, वाढ रोखायला. सापडलं ते कित्येक महिन्यांनी, हजारो किलोमीटरवर. तेव्हा इथून कितीही फोन केले तरी घडातला अंश कमी होणार नव्हता. तुम्ही आता त्याच खेळात पलीकडच्या बाजूला बसला आहात. बाग त्यांची, तपासणी आपली.

आधी ओझरचं संपवतो. ओझरला कार्गोची सोय आहे, जानोरीला कंटेनर डेपो आहे, त्यामुळे हा विचार कुणाच्याही मनात येईल. पण दूध, मांस, अंडी यांपासून बनलेला माल सरकारच्या लेखी ‘पशुधन उत्पादन’ आहे. असा माल जिथे प्राणी क्वारंटाइन केंद्र आहे त्याच ठिकाणांहून देशात येऊ शकतो. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद आणि बंगळूर. मासळीसाठी आणखी काही ठिकाणं आहेत, त्यांचा तुम्हाला उपयोग नाही. म्हणजे तुमचा माल मुंबईलाच उतरणार. तिथे सुटल्यावर कसारा घाट चढून वर आणायचा, किंवा आता आमण्याहून समृद्धीने इगतपुरीपर्यंत.

आता मूळ मुद्दा. इटलीचं चीज म्हटलं की पाहुण्यांच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते पार्मिजानो रेज्जानोचं. ते वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध साकळवणाऱ्या विकराने, जमवतात. आपल्याकडच्या अन्न मानकांत चीजची व्याख्याच अशी आहे की दूध प्राणिज नसलेल्या रेनेटने किंवा इतर योग्य घटकाने जमवलेलं हवं. ग्राना पादानो या तशाच कडक चीजचंही तेच. ‘मग त्यांना सांगू, आमच्यापुरतं वनस्पतिज रेनेट वापरा’ असं एका हॉटेलवाल्याने मला खूप सहज सुचवलं होतं. ते होणार नाही. त्या नावाला युरोपात भौगोलिक संरक्षण आहे आणि कृती नावाला बांधलेली आहे. आपल्या ‘नाशिक व्हॅली वाइन’लाही जीआय मानांकन आहे, त्यामुळे हे आपल्याला तरी कळायला हवं. दुसऱ्या खोऱ्यातली द्राक्षं घालून तेच नाव लावता येत नाही, तसंच हे.

दुसरी अट दुधाची. मानक सांगतं की चीज निदान पाश्चरीकरणाइतकी उष्णता दिलेल्या दुधाचं हवं. कच्च्या दुधाचं चीज ही युरोपातल्या छोट्या डेअऱ्यांची शान असते, आणि घरगुती डेअरी म्हटलं की माझ्या कपाळावर पहिली आठी याचीच पडते. मोठे कारखाने बहुधा पाश्चरीकृत दूध आणि सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात, कारण त्यांना ते स्वस्तही पडतं. विरोधाभास असा की ज्या चवीसाठी तुम्ही त्या कुटुंबापर्यंत पोचलात, तीच चव बहुधा नियमात बसणार नाही. तुमच्या डेअरीचं नेमकं काय आहे ते त्यांना विचारल्याशिवाय मी हो किंवा नाही म्हणू शकत नाही.

तिसरी अट जनावरांच्या खाद्याची. दूध देणाऱ्या जनावरांना रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे अवयव, रक्त किंवा मांस यांपासून केलेलं खाद्य दिलेलं नाही, असं तिथल्या सरकारी पशुवैद्याने प्रमाणित करावं लागतं. अमेरिकेच्या दुग्धपदार्थांचं घोडं वर्षानुवर्षं याच एका वाक्यावर अडलेलं आहे. युरोपात मॅड काऊ या गाईंच्या रोगाच्या प्रकरणानंतर असं खाद्य बंदच आहे, त्यामुळे इटलीला हे अवघड जाऊ नये.

सलामीबद्दल माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी तिचं नावच काढू नका. सलामी बहुतेक डुकराच्या मांसाची असते, तीही न शिजवता मुरवलेली. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू मुरवलेल्या मांसात महिनोन्महिने टिकतो. इटलीच्या मुख्य भूमीवर तो जानेवारी २०२२ मध्ये सापडला, आपल्याकडे आसाम-अरुणाचलात २०२० पासून आहे. अशा रोगाची बातमी आली की त्या देशाच्या, कधी एखाद्या प्रांताच्या मालाची वाट एका रात्रीत बंद होऊ शकते, आणि तुमचा परवाना हातात असूनही माल समुद्रावर असतो. शिवाय गोमांस कोणत्याही रूपात आयात करायला बंदी आहे. ब्रेझाओला हे गोमांसच, तेव्हा ते विसरा. काही सलामीत गोमांसाची भेसळ नव्हे तर अधिकृत मिसळ असते, आणि कधी आतलं मांस डुकराचं पण वरचं आवरण गाईच्या आतड्याचं असतं. हे कुणी आपणहून सांगत नाही.

डेअरीकडून या गोष्टींची समाधानकारक उत्तरं आली, तरच पुढचं वाचायला अर्थ आहे.

परवान्यांत सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे सॅनिटरी इम्पोर्ट परमिट, आमच्या भाषेत एसआयपी. तो दिल्लीतल्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाकडून ऑनलाइन मिळतो. मूळ कायदा पशुधन आयातीचा आहे, १८९८ चा, म्हणजे आपल्याकडे प्लेग चालू होता तेव्हाचा. पशुधनापासून बनलेल्या पदार्थांचं कलम त्यात २००१ मध्ये आलं. अर्जात कोणता पदार्थ, किती, कोणत्या देशातून, कोणत्या बंदरावर हे सगळं द्यायचं. विभाग त्या देशातली रोगांची स्थिती पाहून परवाना देतो आणि सोबत पशुवैद्यकीय प्रमाणपत्रात काय काय लिहिलेलं हवं त्या अटी देतो. परवाना मिळाल्यावर लोक तो फाइलला लावतात. मी पार्टीला सांगतो की अटींचं पान त्याच दिवशी तिकडच्या डेअरीला पाठवा, कारण त्यांचा सरकारी पशुवैद्य त्याच शब्दांत सही देणार आहे का, हे माल निघण्याआधी कळायला हवं. प्रमाणपत्रात एक वाक्य कमी असलं की इथे क्वेरी पडते, आणि इटलीतून सुधारित मूळ प्रत येईपर्यंत रेफर, म्हणजे शीत कंटेनरचं विजेचं भाडं चालू राहतं.

आणि एसआयपी माल चढण्याआधीच हातात हवा. यात मी स्वतः एकदा हात पोळून घेतले आहेत. नाशिकच्या एका बेकरीसाठी क्रीम चीज येणार होतं. परवाना आज येईल, उद्या येईल असं चाललं होतं, आणि तिकडून निरोप आला की जहाजाचं बुकिंग सोडलं तर पुढचं तीन आठवड्यांनी. मी म्हटलं, चढवा, दोन दिवसांत परवाना येतोच आहे. परवाना खरोखर दोन दिवसांत आला. पण बिल ऑफ लेडिंगवरची, म्हणजे जहाज कंपनीच्या माल चढल्याच्या पावतीवरची तारीख त्याच्या दोन दिवस आधीची. न्हावा शेवाला तिथेच बोट ठेवलं. सगळं खरं, माल उत्तम, आणि तरी सुटला नाही. परत पाठवायचं भाडं मालाच्या किमतीहून जास्त होत होतं, म्हणून शेवटी नष्ट करायला संमती दिली. अर्धा भुर्दंड मी सोसला. तेव्हापासून परवाना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कुणाला ‘चढवा’ म्हणत नाही.

बाकीचे कागद पटकन सांगतो. आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा केंद्रीय परवाना, तो आयातदाराला उलाढाल कितीही लहान असली तरी लागतोच. तुमच्या किचनचा सध्याचा परवाना त्यासाठी चालणार नाही. पाकिटं थेट ग्राहकाला विकणार असाल तर वैधमापन (वजन-मापं) खात्याकडे आयातदार म्हणून नोंदणी आणि पाकिटावर एमआरपी. फक्त आपल्याच टेबलावर वाढणार असाल तर तिथे थोडी सवलत मिळू शकते, तो विषय स्थानिक निरीक्षकाशी बोलून ठरवा. आणि एक नवं काम : २०२२ च्या आदेशाने दूध, मांस वगैरे पाच गटांतला माल बनवणाऱ्या परदेशी कारखान्याची एफएसएसएआयकडे नोंदणी लागते. घरगुती डेअरीला हे ऐकूनच घाम फुटेल. त्यांनी भारतात आधी कधी माल पाठवलेला नसेल तर त्यांना धीर द्यायचं काम तुमचं.

लेबलवर सगळ्यात जास्त माल अडतो, आणि ते टाळणं सगळ्यात सोपं आहे. आपल्याकडे पाकिटावर उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख, वापरण्याची अंतिम तारीख आणि बॅच नंबर, तिन्ही लागतात. युरोपात उत्पादनाची तारीख छापायची सक्तीच नाही, त्यामुळे त्यांच्या पाकिटावर बहुधा एकच तारीख असते. ती तारीख मुंबईत स्टिकर लावून भरता येत नाही. कस्टम्सच्या गोदामात, न निघणाऱ्या स्टिकरवर मोजक्याच गोष्टी लावायला परवानगी मिळते : आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि परवाना क्रमांक, आणि शाकाहारी-मांसाहारीचं चिन्ह. प्रोप्रायटरी अन्न, म्हणजे ज्याचं ठरलेलं मानक नाही असं अन्न असेल तर त्याचा प्रकार आणि घटकांचं वर्णनही. बाकी सगळं तिकडूनच छापून यायला हवं. म्हणून मी पार्टीला आधी लेबलचा फोटो मागतो, आणि तोही छापण्याच्या आधी. एकदा एकाने इतक्या अभिमानाने सुंदर लाकडी डबीतलं चीज दाखवलं होतं. डबीवर गाईचं चित्र होतं, कुटुंबाचा इतिहास होता, तारीख मात्र फक्त एक.

डबी निघाली म्हणून आठवलं. माल लाकडी पॅलेटवर येणार असेल तर पॅलेटवर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का हवा, तो गव्हाच्या ओंबीचा. चीज उत्तम आणि खालची फळी बिनशिक्क्याची, म्हणून दिवस गेलेले मी पाहिले आहेत.

आता टिकण्याची मुदत, कारण इथे ताज्या चीजचा बळी जातो. नियम असा की आयातीच्या वेळी मालाची एकूण मुदतीच्या ६० टक्के, किंवा अंतिम तारखेला ३ महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक हवी. वर्षभर टिकणारं कडक चीज घ्या. ६० टक्के म्हणजे सात महिन्यांहून जास्त होतात, ३ महिने कमी, म्हणून ३ महिने शिल्लक असले की भागतं. त्याला जहाज परवडतं. आता ताजा मोझरेला घ्या, समजा ३० दिवसांचा. ६० टक्के म्हणजे १८ दिवस शिल्लक हवेत. म्हणजे बनल्यापासून क्लिअर होईपर्यंत तुमच्याकडे १२ दिवस. जहाज बादच. विमानाने आणला तरी नमुना प्रयोगशाळेत गेला की त्यातले चार-पाच दिवस तिथेच जातात, मध्ये शनिवार-रविवार आणि एखादा सण आला की संपलं. बुर्राटा, मोझरेला हे तुम्ही इथल्याच दुधाचे शोधा. चांगले मिळतात आणि घाटही चढावा लागत नाही.

माल आल्यावर काय होतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीची नोंद, कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर माल पोचण्याच्या आधीच भरायची. उशीर केला की दंड लागतो. एकाच खिडकीतून ती क्वारंटाइनकडे आणि एफएसएसएआयकडे जाते. क्वारंटाइनवाले एसआयपी आणि मूळ पशुवैद्यकीय प्रमाणपत्र ताडून पाहतात. एफएसएसएआयचा अधिकारी पाकीट, तारखा, तापमान बघतो आणि लागलं तर नमुना घेतो. जुन्या, स्वच्छ इतिहासाच्या आयातदाराचा माल कधी नमुन्याशिवाय सुटतो. तुम्ही नवे, त्यात चीज, तेव्हा नमुना जाणारच असं धरून चाला. चीजमध्ये मुख्य भीती लिस्टेरिया या जंतूची. २५ ग्रॅम नमुन्यात तो अजिबात सापडता कामा नये. अहवाल चांगला आला की एनओसी, मग ड्युटी भरून माल बाहेर. नमुना नापास झाला तर पुन्हा तपासणी मागता येते, पण ताज्या मालाला तेवढा श्वास नसतो.

‘किती दिवस लागतील’ याचं सरळ उत्तर म्हणूनच देता येत नाही. कागद जुळलेले, नमुना पास, मध्ये सुट्टी नाही, असं असेल तर मी पार्टीला आठ-दहा दिवस धरायला सांगतो. नाहीतर महिनाही जातो. कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारा लॉगर ठेवायला तिकडे सांगा. वाद झाला तर माल कुठे तापला हे दाखवायला तेवढाच पुरावा असतो. मुंबईहून नाशिकला आणतानाही बर्फ घातलेला टेम्पो नको, रेफर गाडीच घ्या. एप्रिल-मेमध्ये शहापूरच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास उभं राहिल्यावर चीजचं काय होतं ते मी पाहिलंय.

खर्चाचं गणित तुम्हाला आवडणार नाही. मूळ कस्टम्स ड्युटी, त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, वर आयजीएसटी. हे किमतीच्या प्रमाणात असतं. पण प्रयोगशाळेची फी, शीतगृह, एजन्सी, कागदपत्रं, आमची फी, हे ५० किलोला लागतं जवळजवळ तेवढंच ५०० किलोला. तुमचा वापर महिन्याला ४०-५० किलोच्या आत असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे : थेट आयात करू नका. मुंबईत चीज आणणारे आयातदार आहेत, त्यांच्याकडून बिलावर घ्या. बॅच नंबर जुळतो का ते बघा, त्या बॅचची एनओसी मागा. खरे आयातदार दाखवतात. जे ‘तुम्हाला काय करायचंय’ म्हणतात त्यांच्याकडून घेऊ नका. तुमच्यासारखे आणखी चार-पाच वाइनरीवाले एकत्र आले आणि वर्षभराचं कडक चीज एकदम मागवायचं ठरलं, तर मात्र गणित बदलतं. तेव्हा एकाच्या नावावर परवाना, एकाचं शीतगृह, आणि आधी लिहून ठेवलेली वाटणी. त्यातली भांडणं कस्टम्सपेक्षा जास्त वेळ खातात, पण ती वेगळी गोष्ट.

कुणी मित्र इटलीहून येतोय, त्याच्या बॅगेतून पाच-दहा किलो आणू, हा विचार मनात असेल तर काढून टाका. उतरताना प्रवाशाच्या जाहीरनाम्यात दूध आणि मांसाच्या पदार्थांची स्वतंत्र ओळ आहे. ते विकायला वापरलं तर तुमच्या जागेचा परवानाही धोक्यात येईल.

क्रमाने सांगायचं तर आधी डेअरीची उत्तरं, मग लेबल, मग आयईसी आणि एफएसएसएआय, त्यांच्या कारखान्याची नोंदणी, मग एसआयपी, मग पशुवैद्याच्या प्रमाणपत्राचा मसुदा, आणि सगळ्यात शेवटी बुकिंग. बहुतेक लोक बुकिंगपासून सुरू करतात, कारण भाड्याचा दर चांगला मिळालेला असतो.

तेव्हा आज त्या डेअरीला एक छोटा मेल टाका. रेनेट कशाचं, दूध पाश्चरीकृत आहे का, चीज एकूण किती दिवस टिकतं, पाकिटावर उत्पादनाची तारीख छापाल का, आणि याआधी भारतात माल पाठवलाय का, एवढंच विचारा. किंमत विचारू नका, ती नंतर. उत्तर आलं की मला लेबलचा फोटो पाठवा. मागच्या बाजूचा.